बेळगावचे सभागृह आणि आपला नगरसेवक

बेळगाव महानगरपालिकेची निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये. निवडून आलेल्या 58 नगरसेवकांची पहिली सभा भरली ती 6 फेब्रुवारी 2023 ला. मधले सतरा महिने ही मंडळी निवडून येऊनही घरीच बसली होती. त्याआधीच्या सभागृहाची मुदत मार्च 2019 मध्ये संपली होती. म्हणजे जवळजवळ चार वर्षे शहराला महापौर नव्हता. स्मार्ट सिटीचे रस्ते खोदले गेले, बुजवले गेले, पुन्हा खोदले गेले ते बहुतांशी याच काळात. तेव्हा जाब विचारायचा तर प्रशासकाला, आणि प्रशासक काही मत मागायला दारी येत नाही.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना रिकाम्या सभागृहाची सवय आहे, हे खरे दुखणे. 2005 मध्ये विजय मोरे महापौर असताना महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव झाला. मोरे यांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळे फासले गेले आणि कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. 2011 मध्ये महापौर-उपमहापौर काळ्या दिनाच्या फेरीत सहभागी झाले, तेव्हाही तेच. 2013 ला समितीने बहुमत मिळवले, पण महापौर खुर्चीत बसायला 2014 उजाडले. त्या ठरावांची आम्हाला लाज नाही. दुसरे व्यासपीठ नव्हते, म्हणून लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहातूनच लोकांचे म्हणणे मांडले गेले. पण बरखास्तीची किंमत गल्लीने मोजली, हेही तितकेच खरे.

2021 ला राष्ट्रीय पक्ष पहिल्यांदाच आपापल्या चिन्हांवर उतरले. भाजपला 35 जागा मिळाल्या, समिती मूठभर जागांवर आली. काही प्रभागांत मराठी मतांना दोन-तीन वाटेकरी होते, हे आपण सगळे जाणतो. दोष फक्त दुसऱ्यांच्या पैशाला देऊन भागणार नाही. मग 2023 ला शोभा सोमनाचे महापौर आणि रेश्मा पाटील उपमहापौर झाल्या. दोघीही मराठी भाषक. पेढे वाटले गेले. पण सभेची विषयपत्रिका? ती कन्नडमध्येच. मराठी प्रत द्या, ही मागणी समितीचे नगरसेवक वारंवार करत आले आहेत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेले तत्त्व आहे. बेळगावात मराठी माणूस किती, हे कुणी मोजून सांगायची गरज नाही.

आडनाव मराठी आहे एवढ्यावर नगरसेवक पारखण्याचे दिवस गेले, असे आम्हाला वाटते. तो कोणत्या पक्षाचा हा प्रश्न आहेच; पण घरपट्टीची नोटीस आजीला वाचता येत नाही, हे तो सभागृहात उठून बोलतो का? महापालिकेच्या चार स्थायी समित्यांपैकी एकीवर तरी त्याचे नाव आहे का, आणि असेल तर तो बैठकीला जातो का? तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे 74 वी घटनादुरुस्ती सांगते. त्या समितीत बसायला आपल्यापैकी किती जण तयार आहेत, हा प्रश्न मात्र आपल्याला.

आणखी एक. कायद्याने निम्म्या जागा महिलांच्या. तरी उमेदवार बाई शोधली जाते ती अर्ज भरायच्या आदल्या रात्री, आणि फलकावर फोटो मोठा असतो नवऱ्याचा. आमच्या महिला मंडळांत हिशेब चोख ठेवणाऱ्या, चारचौघांत ठणकावून बोलणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांना आत्तापासून महापालिकेचा अर्थसंकल्प वाचायला बसवावे.

मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षांची, म्हणजे फेब्रुवारी 2028 पर्यंत. प्रभागवार मतदार यादी तपासण्याचे काम गणेशोत्सव मंडळांनी अंगावर घेतले तर ते एका हंगामात होण्यासारखे आहे. लग्न होऊन आलेल्या सुना, टिळकवाडीतून वडगावला राहायला गेलेली कुटुंबे, पुण्याला नोकरीला गेलेली मुले : नावे गळतात ती इथेच.