विश्लेषण : ‘स्मूथ जॅझ’ला वादकच नावे का ठेवतात? कोल्हापूरच्या ‘नाटकी गाण्या’शी या वादाचे नाते काय?

हॉटेलची लॉबी, लग्नाचे रिसेप्शन, दवाखान्यातील प्रतीक्षा-खोली किंवा मोबाइलवरची ‘रिलॅक्स’ नावाची प्लेलिस्ट. अशा ठिकाणी मंद लयीतला, गोड सॅक्सोफोन हमखास कानावर पडतो. या प्रकाराला ‘स्मूथ जॅझ’ म्हणतात. श्रोत्यांना तो आवडतो. पण जॅझ वाजवणाऱ्यांमध्येच त्यावरून चार दशकांपासून दोन तट आहेत. एका बाजूच्या मते हे जॅझचे पातळ केलेले रूप आहे आणि सूट, केशरचना, प्रकाशझोत यांच्या जोरावर ते विकले जाते. दुसरी बाजू म्हणते, लोकांना आवडेल असे वाजवणे हा गुन्हा नाही. कोल्हापूरसाठी हा वाद नवा नाही. ख्याल आणि नाट्यसंगीत यांच्यात तो शंभर वर्षांपूर्वी याच शहरात रंगला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे ‘एआय’ने तयार केलेल्या संगीतामुळे त्याला आता वेगळे वळण लागले आहे.

स्मूथ जॅझ म्हणजे काय?

जॅझचा गाभा म्हणजे आयत्या वेळची उपज. एक धून ठरलेली असते. तिच्या स्वरसंगतीवर प्रत्येक वादक मंचावरच नवी रचना करतो आणि बाकीचे त्याला तिथल्या तिथे उत्तर देतात. आपल्याकडच्या बैठकीत गायक आणि तबलजी यांच्यात जे घडते, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

स्मूथ जॅझमध्ये ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवतात, धून लक्षात राहील अशी असते आणि उपज थोडक्यात आवरतात. त्याची पाळेमुळे १९६०-७० च्या दशकांत आहेत. गिटारवादक वेस माँटगोमेरी यांनी १९६७ मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या धुनांवर अल्बम केला, तर जॉर्ज बेन्सन यांचा ‘ब्रीझिन’ १९७६ मध्ये प्रचंड खपला. नाव मात्र रेडिओने रुजवले. लॉस एंजेलिसचे ‘द वेव्ह’ हे केंद्र फेब्रुवारी १९८७ मध्ये सुरू झाले आणि त्या धर्तीवर अमेरिकेतील अनेक शहरांत केंद्रे निघाली. कोणता तुकडा ऐकताना लोक केंद्र बदलतात, याच्या चाचण्या घेऊन गाणी निवडली जात. त्यामुळे जे कानाला टोचेल ते आपोआप गळत गेले.

आक्षेप नेमका कशाला?

या वादाचा चेहरा म्हणजे सॅक्सोफोनवादक केनी जी. त्यांचा १९९२ चा ‘ब्रेथलेस’ अल्बम एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाख प्रतींच्या पातळीवर गेला. केवळ वाद्यसंगीताच्या अल्बमसाठी हा आकडा असाधारण आहे. १९९७ मध्ये त्यांनी एकच स्वर ४५ मिनिटांहून अधिक काळ धरून गिनीज विक्रमही केला.

सन २००० मध्ये गिटारवादक पॅट मेथेनी यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. केनी जी यांनी दिवंगत लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ या जुन्या ध्वनिमुद्रणावर स्वतःचा सॅक्सोफोन चढवला होता. हा थोर कलावंताचा अवमान आहे, असे मेथेनी यांचे म्हणणे होते. ठरावीक तुकडे पुन्हा पुन्हा वाजवणे, सूर किंचित चढा लागणे, हेही त्यांचे आक्षेप होते.

मेथेनी यांचे स्वतःचे संगीतही मधुर आहे आणि स्मूथ जॅझ केंद्रांवर ते वाजत असे. त्यामुळे गोडव्यालाच त्यांचा विरोध होता, असे म्हणता येत नाही. सोबतचे वादक काय करत आहेत हे ऐकून त्याला उत्तर देणे, त्यात चुकण्याची जोखीम पत्करणे, हे जॅझमध्ये अपेक्षित असते. मृत कलावंताच्या ध्वनिमुद्रणाबरोबर अशी देवाणघेवाण होऊच शकत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे काय?

स्मूथ जॅझ वाजवणारे सगळे कच्चे, हा समज चुकीचा आहे. बेन्सन यांनी १९६८ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले होते आणि २००९ मध्ये त्यांना अमेरिकी सरकारचा ‘जॅझ मास्टर’ सन्मान मिळाला. केनी जी यांच्यावर २०२१ मध्ये ‘लिसनिंग टू केनी जी’ हा माहितीपट आला. त्यात रोजच्या काही तासांच्या सरावाबद्दल ते सांगतात.

दुसरा मुद्दा श्रोत्यांचा आहे. अमेरिकेत या संगीताचा मोठा श्रोतृवर्ग कृष्णवर्णीय आहे. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या केंद्रावरून सुरू झालेल्या ‘क्वाएट स्टॉर्म’ या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाच्या परंपरेशी त्याचे नाते आहे. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला रात्री शांत काही ऐकावेसे वाटले, तर त्याची अभिरुची हिणकस कशी ठरते, असा हा प्रश्न आहे. टीकाकारांकडे त्याचे समाधानकारक उत्तर नाही.

मंचावरच्या रूपावरून वाद का?

रेशमी सूट, कुरळे केस, वाजवत वाजवत प्रेक्षकांतून मंचाकडे येणे ही केनी जी यांची ओळख. ‘कान कमी, डोळे जास्त’ असा शेरा त्यावर मारला जातो. पण जॅझमध्ये रूपाचा वाद त्याहून जुना आहे. लुई आर्मस्ट्राँग रुमालाने घाम पुसत, दिलखुलास हसत वाजवत. गोऱ्या प्रेक्षकांना खूश करण्यासाठी हे हसू आहे, अशी टीका डिझी गिलेस्पी यांच्यासारख्या तरुण वादकांनी केली. १९७९ च्या आत्मचरित्रात मात्र गिलेस्पी यांनी ते मत बदलले. वंशद्वेषाला आपला आनंद हिरावू न देण्याचा निर्धार त्या हसण्यात होता, असे त्यांना उशिरा उमगले. माइल्स डेव्हिस यांचे टोक उलटे. ते प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवत, आणि तीही एक प्रतिमाच झाली. १९८० च्या दशकात विंटन मार्सालिस यांनी परंपरेचा आग्रह धरला, तोही नीटनेटक्या सुटात. म्हणजे रूप सगळेच घडवतात. दिखाऊपणाचा ठपका मात्र ज्याचे संगीत पटत नाही त्याच्यावरच येतो.

कोल्हापुरात हाच वाद कसा घडला?

शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) कोल्हापूर दरबारचे गायक होते. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी म्हणजे अनवट राग, गुंतागुंतीच्या ताना आणि लयीशी सतत चाललेला हिशेब. नवख्या श्रोत्याला ती सहजी उलगडत नाही. त्याच शाहू महाराजांनी शहरात ‘पॅलेस थिएटर’ बांधले. ते १९१५ मध्ये पूर्ण झाले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणजे एकाच राजाच्या आश्रयाला बैठकीचे गाणेही होते आणि तिकीट काढून ऐकायचे गाणेही.

या दोहोंमध्ये उभे होते गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५). कोल्हापुरात घडलेल्या या हार्मोनियमवादकाने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ला (१९११) चाली दिल्या. त्यात ठुमरी, कजरी अशा उत्तरेकडील प्रकारांचा गोडवा मराठी रंगभूमीवर आला. पदे आटोपशीर होती आणि लगेच ओठांवर बसणारी होती. बैठकीच्या गवयांच्या तोंडी ‘नाटकी गाणे’ हा शब्द मात्र कौतुकाचा नसे. बालगंधर्वांचे शालू, दागिने, त्यांच्या नेसण्याचे घरोघरी झालेले अनुकरण आणि पदांना मिळणारे ‘वन्स मोअर’ यांमुळे गाणे मागे पडते, असाही आक्षेप होता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र आले, तेव्हा टिळक स्वराज्य फंडासाठीच्या त्या प्रयोगाला लोटलेली गर्दी या दोन नावांच्या वलयाचीही होती.

मग नाट्यसंगीत टिकले कसे?

सोपे आणि अवघड यांच्यामध्ये ये-जा करणारी माणसे होती, हे त्याचे मोठे कारण. ‘स्वयंवर’ला (१९१६) संगीत देणारे भास्करबुवा बखले हे ख्यालगायक होते आणि अल्लादिया खाँ यांच्याकडेही शिकले होते. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते. मोगूबाई कुर्डीकर नाटक कंपनीतून आल्या आणि अल्लादिया खाँ यांच्या शिष्या झाल्या. खुद्द टेंबे यांनी खाँसाहेबांचे मराठीत चरित्र लिहिले. नाट्यपदे ऐकून कान तयार झालेला श्रोता पुढे ख्यालाच्या बैठकीला जाऊन बसला, तो या वाटेने.

गाणे छोटे केल्याने ते हलके होते, हाही समज तपासून पाहावा लागतो. रेडिओपासून दूर राहणाऱ्या आणि मोजकीच ध्वनिमुद्रणे देणाऱ्या केसरबाई केरकर याच घराण्याच्या. त्यांचे जेमतेम साडेतीन मिनिटांचे भैरवीतले गाणे १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर अवकाशात गेले. साडेतीन मिनिटांतही गायकी शाबूत राहिली.

एआयमुळे काय बदलले?

स्मूथ जॅझची रेडिओ केंद्रे बंद पडत गेली. न्यूयॉर्कचे २००८ मध्ये, शिकागोचे २००९ मध्ये. पार्श्वभूमीला हलके संगीत हवे, ही गरज मात्र प्लेलिस्टकडे गेली. अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी ‘मूड मशीन’ (२०२५) या पुस्तकात दाखवून दिले की, स्पॉटिफायच्या अशा प्लेलिस्टमध्ये स्वस्तात बनवून घेतलेले, टोपणनावांनी चढवलेले संगीत मोठ्या प्रमाणावर असते. त्यात जॅझही आहे. बनावट कलाकार तयार केल्याचा आरोप स्पॉटिफायने २०१७ मध्येच फेटाळला होता.

त्यापुढची पायरी एआयची. फ्रान्सच्या डीझर या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की, तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी १८ टक्के पूर्णपणे एआयने बनवलेली असतात. नोव्हेंबरमध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांवर, म्हणजे रोज सुमारे ५० हजार गाण्यांवर पोहोचले. ती ऐकली जाण्याचे प्रमाण तेव्हा अर्धा टक्काच होते. पण ठरलेली लय, ठरलेली स्वरसंगती आणि कमीत कमी उपज हा साचा यंत्राला सर्वांत सोपा जातो. त्यामुळे पहिला फटका पार्श्वसंगीत वाजवून पोट भरणाऱ्यांना बसू शकतो.

इथे जुन्या वादातील बाजू उलटतात. केनी जी यांच्या केसांना आणि बालगंधर्वांच्या शालूंना नावे ठेवली गेली, तेव्हा निदान मंचावर एक माणूस होता. तो बेसूर झाला असता, दमला असता, एखाद्या रात्री नेहमीपेक्षा चांगलाही गायला असता. प्लेलिस्टमधल्या निनावी सॅक्सोफोनला रूपच नाही. त्यामुळे त्याला नावे ठेवायची सोयही नाही.

कोल्हापूरकरांच्या हाती काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. त्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय झाला आहे. इमारत उभी राहील. तिथे तारखा कोणाला मिळतील, हा पुढचा प्रश्न आहे. ख्याल, नाट्यसंगीत, सुगम, फ्यूजन यांपैकी श्रेष्ठ काय, यावर कलाकारांचे मतभेद राहणारच आणि ते राहण्यात तोटा नाही. रिसेप्शनला, हॉटेलच्या उद्घाटनाला पेन ड्राइव्ह लावायचा की गावातल्या वादकाला बोलवायचे, हा निर्णय मात्र कलाकारांच्या हाती नसतो. तो बिल भरणाऱ्याच्या हाती असतो. सोप्या कार्यक्रमांतून चार पैसे मिळाले, तरच वादक अवघड रियाजासाठी वेळ काढू शकतो. टेंबे यांच्या काळात नाटकाच्या तिकिटांनी हे काम केले होते.