बार्बोसाचा गुन्हा

फुटबॉलच्या जगज्जेतेपदाचा विषय निघाला की आपल्याकडे पेले, मॅराडोना आणि अलीकडे मेस्सी यांच्याविषयी भरभरून बोलले जाते. मला मात्र मोआसिर बार्बोसाविषयी लिहावेसे वाटते. तो हरलेल्या संघाचा गोलरक्षक. एका गोलापायी त्याला उभ्या जन्माची शिक्षा झाली, आणि ती माझ्या मते सर्वस्वी अन्यायाची होती.

दिवस 16 जुलै 1950 चा. स्थळ रिओ द जानेरोचे माराकाना स्टेडियम. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच 1,73,850! त्या वर्षी रीतसर अंतिम सामना नव्हताच. शेवटी चार संघांची साखळी होती. पण जेतेपद ब्राझील-उरुग्वे या अखेरच्या लढतीवर ठरायचे होते, म्हणून जग तिलाच अंतिम सामना मानते. ब्राझीलने स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असे लोळवले होते. नुसती बरोबरी झाली तरी चषक त्यांचाच. रिओतल्या एका वर्तमानपत्राने तर आधीच संघाचे छायाचित्र 'जगज्जेते' म्हणून छापून टाकले. बाजारात तुरी, दुसरे काय!

उत्तरार्धाच्या आरंभीच फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. 66 व्या मिनिटाला उरुग्वेचा घिज्जा उजव्या बगलेने बिगोदेला मागे टाकून धावला, त्याने चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. 79 व्या मिनिटाला पुन्हा तोच घिज्जा आणि तीच बगल. चेंडू या वेळीही मध्येच येणार, या हिशेबाने बार्बोसा किंचित पुढे सरकला. घिज्जाने ते हेरले आणि गोलरक्षक व जवळचा खांब यांमधल्या फटीतून चेंडू आत मारला. 2-1. स्टेडियम सुन्न झाले.

आता मला सांगा, यात गुन्हा कोणता? तेरा मिनिटांपूर्वी जे डोळ्यांदेखत घडले, त्यावरून अंदाज बांधणे याला आपण शहाणपण म्हणतो. ती बगल तेरा मिनिटे उघडी राहिली, ती बुजवणे एकट्या गोलरक्षकाचे काम होते काय? आणि दोन सामन्यांत तेरा गोल करणारे आघाडीचे वीर त्या दिवशी एकावरच का थांबले, हे कोणी विचारले? दोष आला तो बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल यांच्या माथी. तिघेही कृष्णवर्णीय होते, हा मला योगायोग वाटत नाही.

काही मित्र म्हणतात, गोलरक्षकाची जागाच तशी. टाळ्या घ्यायच्या तर शिव्याही घ्याव्यात. शिव्या एक दिवस, फार तर एक मोसम! ब्राझीलच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे उद्गार बार्बोसाने अखेरच्या दिवसांत काढले. 2000 साली तो वारला.

ही खोड एकट्या ब्राझीलची नव्हे. 1994 च्या अंतिम सामन्यात इटलीच्या बाज्जोने पेनल्टी बारवरून मारली, ती साऱ्यांना आठवते. त्याच्याआधी बारेसी आणि मस्सारो चुकले होते, हे किती जणांना आठवते? बाज्जोने गोल केला असता तरी ब्राझीलचा एक फटका शिल्लक होताच. शिवाय बाद फेरीत पाच गोल करून इटलीला तिथवर आणले होते ते त्यानेच. आपल्या जिमखान्याच्या फलकाजवळही सामना हरल्यावर असाच एखादा 'बकरा' शोधला जातो. एक नाव सापडले की बाकीचे दहा जण आणि आपण सारे बघे सुटतो.

पराभवानंतर ब्राझीलने पांढरा पोशाखसुद्धा अपशकुनी ठरवून टाकून दिला. आज जगाला ठाऊक असलेला पिवळा सदरा त्यानंतरचा. सदरा बदलता आला, माणसाचे काय? 1993 साली म्हातारा बार्बोसा राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात खेळाडूंना भेटायला गेला. त्याची सावली नको म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. तोवर ब्राझीलने तीन वेळा विश्वचषक जिंकलेला होता.