कपाटातला वास आणि कपाटातले पाणी



गौरी यायच्या आदल्या दिवशी घरातले कपडयांचे कपाट उघडले, की कसला वास येतो ते जरा आठवून पहा. बहुतेक घरांत दोन वास येतात, एक कुबट आणि दुसरा डांबराच्या गोळ्यांचा. पहिला घालवावा म्हणून दुसरा मुद्दाम आणलेला असतो. माझ्या मते येथेच आपण चुकतो. कुबट वास हे केवळ लक्षण आहे. मूळ दुखणे ओलीचे आहे, आणि ती ओल कपाटात नेमकी कोठे असते, हे आपण कधी पाहतच नाही.

मीही पाहिले नव्हते. आमचे शिरवळ नीरेच्या काठी. याच सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या मानाने फारच थोडा. तेव्हा आपल्याकडे कसली आली आहे ओल, अशा समजुतीत मी होतो. एका श्रावणात आईची सुती लुगडी बाहेर काढली, तर घड्यांवर बुरशीचे काळे ठिपके! कपाट पश्चिमेच्या भिंतीला अगदी टेकलेले होते आणि आत डांबराच्या गोळ्याही भरपूर होत्या. वर्गात आर्द्रता शिकवणाऱ्या माणसाच्या घरी हे घडावे, याची मला लाज वाटली. मग मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो तुम्हीही करून पहा.

२५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल, तर त्या हवेत वाफ झाली सुमारे १५ ग्रॅम. घरातले मोठे कपाट साधारण एवढ्याच आकारमानाचे असते. आता कपड्यांकडे वळू. याच आर्द्रतेला कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. लोकर तर सुमारे सोळा टक्के धरते. म्हणजे दहा किलो सुती कपड्यांत ८५० ग्रॅम पाणी, जवळजवळ एक तांब्याभर! हाताला ते कपडे कोरडेच लागतात. हवेत १५ ग्रॅम आणि कपड्यांत ८५०, हे लक्षात घेतले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. कपाटाची हवा कपडे बिघडवते असे आपण समजतो. खरे पाहता कपडेच आपल्याबरोबर पाणी आत नेतात आणि कपाटाच्या हवेला ओलसर ठेवतात. नव्या चपलांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची चिमुकली पुडी कपाटात टाकून काय होणार? ती आपल्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषेल.

बुरशीला साधारण ७० ते ७५ टक्क्यांच्या पुढची आर्द्रता मानवते. ती ओळखायला महागडे यंत्र नको. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतले पाणी ओढून पाझरू लागते. खड्यांच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते, त्यामुळे ते त्याहीआधी ओलावते. म्हणून कपाटात एका वाटीत खडेमीठ ठेवा. ते ओलसर झाले, की धोक्याची सूचना मिळाली असे समजा.

उपाय अगदी साधे आहेत. समजा, सकाळी २० अंशाला हवा वाफेने संपृक्त आहे. तिच्यात सुमारे १७ ग्रॅम वाफ आहे. दुपारी तीच हवा ३० अंशांवर गेली, तर तिच्यात ३० ग्रॅम वाफ मावू शकते. म्हणून सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांवर उतरते. तेव्हा कपडे दुपारीच दोरीवरून काढा आणि दुपारीच कपाटात ठेवा. संध्याकाळपर्यंत दोरीवर राहिलेले कपडे पुन्हा पाणी पिऊ लागतात. इस्त्रीचे कपडे अर्धा तास मोकळ्यावर ठेवून मग घडी आत जाऊ द्या. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, कारण गार भिंतीजवळ तेच गणित उलटे चालते. आणि कपडे ठासून भरू नका.

आता त्या गोळ्यांविषयी. त्या नॅप्थलीनच्या असतात. महिन्या-दोन महिन्यांत गोळी लहान होते. ती जाते कोठे? संप्लवनाने तिची वाफ होते आणि कपड्यांत, खोलीत, आपल्या नाकात शिरते. ती पाण्याचा थेंबही शोषत नाही. कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात. स्वच्छ सुती कपडे त्यांचे अन्नच नव्हे. खळीच्या कपड्यांना लागणाऱ्या कसरीला ओलच हवी असते. मग सुती कपड्यांत गोळ्या कशासाठी? त्यातही तान्ह्या बाळाच्या दुपट्यात आणि झबल्यात तर त्या मुळीच नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, त्यांना तीव्र कावीळ होते आणि ती जिवावरही बेतू शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही २००२ साली नॅप्थलीनला मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातले. सुगंध समजून आपण हे घरात आणावे, हे मला पटत नाही.

आमच्या भागात घटस्थापनेपूर्वी गोधड्या-वाकळांपासून सारे घर धुऊन उन्हात टाकण्याची रीत आहे. त्यामागे कोणी आर्द्रतेचा अभ्यास केला होता, असे मी म्हणणार नाही. पण पाऊस ओसरतो आणि ऊन तापू लागते, ती वेळ मात्र अचूक साधलेली आहे. हे काम बहुधा आईच्या आणि ताईच्या गळ्यात पडते. यंदा ते तुम्ही अंगावर घ्या. एक सुती चादर पावसाळी सकाळी आणि कडक उन्हाच्या दुपारी वाण्याच्या काट्यावर तोलून पहा. दोन वजनांत जो फरक येईल, तेवढे पाणी ती चादर घडीत लपवून कपाटात निघाली होती!