आधी काट्यावर, मग गाडीवर

रमजान ईदनंतरच्या आठवड्यात शारजाहून पुतण्याचा फोन आला. चार वर्षं झाली त्याला तिकडे, एसीच्या कामावर आहे. सलाम-दुआ झाली आणि लगेच म्हणाला, "चाचा, क्वॉड घेतोय. जुनी आहे, पण मस्त आहे. एकदा फोटो बघून सांगा."

क्वॉड म्हणजे काय, हे आपल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. कोकणात नागाव, काशिदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ती चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी. उजव्या अंगठ्याने दाबायचा एक्सिलरेटर. तिकडे बदायरच्या लाल वाळूत सुटीच्या दिवशी पोरं हीच घेऊन जातात. पुतण्याने फोटो पाठवला तो यामाहाच्या रॅप्टर 700 चा. वाळवंटातल्या पोरांची ही लाडकी गाडी. 686 सीसीचं एकच सिलिंडर, पाच गिअर आणि रिव्हर्स, पेट्रोल भरून वजन साधारण 192 किलो.

फोटो बघितला आणि मी पहिला प्रश्न विचारला तो इंजिनाचा नव्हता. विचारलं, "तुझं वजन किती?"

तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग, "असेल शंभरच्या आसपास."

आता हे "आसपास" मला चांगलं माहीत आहे. मी स्वतः 108 किलोचा माणूस. भोकरमध्ये तीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या आणि त्या तीस वर्षांत माझ्याच वजनाबद्दल मी किती वेळा खोटं बोललो, याचा हिशेब नाही. आपल्याकडे जाड माणसाला वजन विचारलं की समोरचा हसायच्या तयारीतच असतो. लग्नाच्या पंगतीत, मशिदीच्या पायऱ्यांवर, ट्रॅव्हल्सच्या सीटवर. म्हणून माणूस आकडा चोरतो. पण कपड्याच्या दुकानात चोरलेला आकडा फार तर शिवण उसवतो. चार चाकांच्या या गाडीवर चोरलेला आकडा काय करतो, ते पुढे सांगतो.

मी त्याला म्हटलं, काट्यावर उभा राहा, बूट-हेल्मेट घालून, पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन, आणि काट्याचा फोटो पाठव. भाभींना हे कळलं तेव्हा त्या रागावल्या. "पोराला असं काट्यावर उभं करतात का?" म्हणाल्या. मी म्हटलं, भाभी, आडतीवर सोयाबीनचं पोतं काट्यावर चढल्याशिवाय त्याचा भाव ठरत नाही, आणि इथे तर पोराच्या मानेचा प्रश्न आहे.

दोन दिवसांनी फोटो आला. साध्या कपड्यात 112. हेल्मेट, बूट, तीन लिटर पाणी, थोडी हत्यारं धरून 119.

रॅप्टर 700 वर कंपनीने घालून दिलेली वजनाची मर्यादा 100 किलो आहे. त्यात चालवणारा, त्याचे कपडे, बूट, पाणी, सगळं आलं. म्हणजे पुतण्या गाडीवर बसण्याआधीच 19 किलोने पुढे गेलेला.

त्याचं म्हणणं, जे कुठलाही पोरगा म्हणेल: "चाचा, सातशेचं इंजिन आहे, मला ओढणार नाही का?" ओढेल. तुला आणि तुझ्या दोन मित्रांनाही ओढेल. मर्यादा इंजिनासाठी नसतेच. ती असते ब्रेकसाठी, चाकांच्या बेअरिंगसाठी, मागच्या अॅक्सलसाठी, टायरसाठी, आणि सगळ्यात जास्त, गाडी उलटू नये यासाठी.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मोटारसायकल चालवणाऱ्याला क्वॉड सोपी वाटते. चार चाकं आहेत, पडणार कशी? पडते, आणि मोटारसायकलपेक्षा वाईट पडते, कारण ती माणसाच्या अंगावर येते. जीप वळते तेव्हा मागचं आतलं चाक हळू फिरतं आणि बाहेरचं जोरात, ते काम डिफरन्शियल करतो. स्पोर्ट क्वॉडच्या मागे डिफरन्शियल नसतो. दोन्ही चाकं एकाच सरळ दांडीवर. वळताना आतलं चाक घसरलं तरच गाडी वळते, आणि ते घसरावं म्हणून चालवणाऱ्याने आपलं अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं, बाहेरच्या पायऱ्यावर जोर द्यायचा. म्हणजे या गाडीत माणूस हा सामान नाही, गाडीचाच चालता भाग आहे. गाडी 192 आणि वर 119, एकूण 311 किलो. त्यातला एक तृतीयांशापेक्षा जास्त हिस्सा सीटच्या उंचीवर हलतो आहे. तो हिस्सा योग्य वेळी योग्य बाजूला गेला तर गाडी सुरेख वळते. घाबरून ताठ बसला तर बाहेरच्या बाजूला कलंडते. हलका माणूस चुकला तर गाडी बहुधा सावरून घेते. आपल्यासारखा चुकला तर सावरत नाही.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका किनाऱ्यावर, नाव कशाला घ्या, मी भाड्याची क्वॉड घेतली आणि मागे भाच्याला बसवलं. भाड्याने देणाऱ्यानेही काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ओल्या वाळूवरून कोरड्या वाळूकडे वळताना आतलं चाक उचललं गेलं आणि आम्ही दोघं बाहेर. गाडी माझ्या पिंडरीवर. भाचा वाचला, अल्हमदुलिल्लाह. पण दीड महिना मी गॅरेजच्या ओट्यावर पाय लांब करून बसलो आणि गिऱ्हाइकं विचारायची, काय झालं? मी सांगायचो, बाथरूममध्ये घसरलो.

मागे कुणाला बसवायचं नाही, हे म्हणूनच वजनाइतकंच महत्त्वाचं. स्पोर्ट क्वॉडची सीट लांब दिसते ती दुसऱ्या माणसासाठी नाही, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून आहे. आणि लहान पोरांना तर मोठ्या क्वॉडचं हँडल देऊच नका. कंपन्या 90 सीसीच्या वरच्या गाड्या 16 वर्षांच्या पुढच्यांसाठीच सांगतात. किनाऱ्यावर दहा वर्षांच्या पोराला पुढे बसवून व्हिडिओ काढणारे वडील मी पाहिले आहेत. एक जुनी गोष्टही सांगतो. 1980 च्या दशकात या गाड्या तीन चाकांच्याही मिळायच्या. इतक्या उलटल्या, इतकी पोरं गेली, की 1988 मध्ये अमेरिकेत सरकारशी झालेल्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कंपन्यांनी तीनचाकी विकणं थांबवलं. चौथ्या चाकाने धोका कमी झाला, संपला नाही.

पुतण्याच्या मित्राने त्याला दुसरा उपाय सांगितला: जाड स्प्रिंग टाक, सगळं ठीक होईल. यात अर्धं खरं आहे. गाडीवर बसल्यावर ती किती खाली दबते, हे टेपने मोजता येतं. आधी मागची चाकं हवेत लटकतील इतकी गाडी उचलून मागच्या बंपरपासून अॅक्सलपर्यंतचं अंतर, मग पूर्ण तयारीनिशी बसून तेच अंतर. सस्पेन्शनच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश दबली तर ठीक. रॅप्टरच्या मागच्या चाकाची चाल 256 मिलिमीटर, म्हणजे दबणं 80-85 मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. जास्त दबली तर स्प्रिंगवरची रिंग आवळायची, तरी भागलं नाही तर जाड स्प्रिंग. याने गाडी टेकडीवरून उतरताना खाली आपटणार नाही, हँडल हलकं होणार नाही, चालवायला बरी वाटेल. पण कंपनीची मर्यादा 100 ची 120 होत नाही. अॅक्सल तोच, ब्रेक तेच, चाकांचे हब तेच. गाडी बरी वाटायला लागली की माणूस वेग वाढवतो, हा वरचा धोका वेगळाच.

हवेचंही तसंच. मोटारसायकलच्या टायरमध्ये आपण 28-30 भरतो. क्वॉडच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय, बस. पेट्रोल पंपावरच्या मीटरला हा आकडा नीट दिसतही नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. वजनदार माणूस टायर बसलेला दिसतो म्हणून हवा ठोकतो आणि मग तोच टायर चेंडूसारखा उसळतो.

मग घ्यायची कुठली? मी त्याला सरळ सांगितलं, या वजनाला आणि पहिल्या गाडीला रॅप्टर नको. शेतकामाच्या जातीच्या क्वॉड असतात, यामाहाची ग्रिझली 700 घे उदाहरणाला. तिच्या पुढच्या जाळीवर 50 किलो आणि मागच्या जाळीवर 90 किलो सामान चालतं, आणि त्यावर माणूस वेगळा. अशी गाडी आपल्यासारख्याचा भार धरून बनवलेली असते. ऑटोमॅटिक असते, क्लच नाही. त्याला ती "म्हाताऱ्यांची गाडी" वाटली. बरं, जोर हवाच असेल तर मधली जात आहे, कॅन-अॅम रेनेगेडसारखी, स्पोर्टची ऐट आणि चारही चाकांना ताकद. पण तिच्यातली हजार सीसीची पहिली गाडी म्हणून घ्यायची नाही, 570 ची बघायची. आणि हिचीही किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. गाडीचंच वजन तीनशे किलोच्या वर, वाळूत रुतली तर एकट्याने निघत नाही आणि अंगावर आली तर एकट्याने उचलत नाही. कुठलीही घे, विकणाऱ्याच्या तोंडाचा आकडा धरू नको. पुस्तिकेतलं वजनाचं पान आणि गाडीवरचं स्टिकर दोन्ही वाच.

जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा मागची बाजू स्टँडवर उचलून चाक हाताने फिरव. अॅक्सल वाकलेला असेल तर चाक डुलतं, डोळ्यांना दिसतं. चाक वर-खाली धरून हलव, बेअरिंग सैल असेल तर कटकट येते. पायऱ्यांच्या जोडावर फ्रेमला चीर आहे का, हे अंगठ्याने पुसून बघ. भारी माणूस उडी मारून उतरतो तेव्हा तिथेच ताण येतो. एअर फिल्टरचं झाकण उघड. फिल्टरच्या आतल्या बाजूला वाळू हाताला लागली तर इंजिन कितीही गोड वाजो, परत फीर.

त्याच्या मनात आणखी एक होतं, चार-पाच वर्षांनी परत येताना गाडी भोकरला आणायची. भैंसा रोडवर धुरळा उडवत जायचं स्वप्न. ते मात्र मी तिथेच मोडलं. आपल्याकडे रस्त्यावर मान्यता मिळालेल्या मॉडेलचीच नोंदणी होते, स्पोर्ट क्वॉडला ती मान्यता नाही. शेतात फिरव म्हणशील तर पावसाळ्यातली आपली काळी माती त्या टायरांत अशी भरते की चाक की चिखलाचा गोळा, कळत नाही. बैलगाडी निघेल, ही नाही.

परवा पुन्हा फोन आला. त्याने अजून काही घेतलेलं नाही. शुक्रवारी सुटीला एका ठिकाणी ऑटोमॅटिक क्वॉड दोन तासांच्या भाड्याने घेतली, सोबत शिकवणारा होता. शिकवणाऱ्याने पहिला तास उभं राहून फक्त वळणं घ्यायला लावली, आठच्या आकड्यात. "चाचा, मांड्या भरून आल्या," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "त्याने आधी वजन विचारलं. मी 112 सांगितलं. तो हसला नाही, दुसरी गाडी काढून दिली."

पुढच्या शुक्रवारी तो एक 570 ची बघायला जाणार आहे. मी सांगितलंय, टेप घेऊन जा.