एक सकाळ माणसांसाठी



मॅकिनॉ पुलावरची ‘लेबर डे’ची पदयात्रा ही निव्वळ हौशी गर्दी; तिच्यापायी वाहतूक रोखू नये, हे आपल्या वाचकाचे मत पटले नाही. सुमारे 8 किलोमीटरच्या या पुलाला पदपथच नाही. एरवी तो गाड्यांचाच असतो. 1957 साली तो खुला होईपर्यंत मिशिगनचे दोन भाग फेरीबोटींच्या भरवशावर होते. 1958 पासूनच्या या पदयात्रेच्या प्रथेत राज्यपालांबरोबर सामान्य माणसेही विनाशुल्क चालतात. मधल्या मार्गिकांच्या पोलादी जाळीतून खोलवर पाणी दिसते. तिथे बिचकलेल्या आजींचा हात अनोळखी तरुणाने धरलेला मी पाहिला आहे. दुपारपर्यंत वाहतूक पूर्ववत होते. ज्यांच्या टोलवर पूल उभा आहे, त्यांचा या एका सकाळवर पूर्ण हक्क आहे.

– एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन