लाल दिवा चालू, आवाज गायब

मंडळी, या शनिवारी थोडं भांडायचं आहे. कोणाशी? तर 'ऑप्टिकल आता जुनं झालं, साउंडबार घेऊन टाका' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाशी. दुकानदार म्हणाला तर समजू शकतो, त्याचं पोट आहे. पण दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारी ऑफिसातली पोरं पण हेच सांगतात तेव्हा डोकं फिरतं. अरे, निदान लॉग तरी बघा आधी!

आमच्याकडे बाबांनी २००८ साली घेतलेला एक ५.१ रिसीव्हर आहे. वजन असं की हलवायला दोन माणसं लागतात. त्याला मी एक छोटा लिनक्स पीसी मीडिया प्लेअर म्हणून जोडलाय, ऑप्टिकल केबलने. बाबांना हल्ली जरा कमी ऐकू येतं. टीव्हीच्या पाठीमागच्या स्पीकरमधून संवाद त्यांना कळत नाहीत, पण रिसीव्हरच्या मधल्या स्पीकरमधून व्यवस्थित कळतात. त्यामुळे आमच्या घरी हा आवाज म्हणजे चैन नाही. तो गेला की बाबा सिनेमा अर्धा सोडून आत जाऊन पडतात.

एका अपडेटनंतर तो गेला. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने रिसीव्हर न बघताच निकाल दिला, "बोर्ड गेलाय साहेब, भंगारात काढा."

आता ही केबल काय प्रकार आहे ते बघू. टॉसलिंक तोशिबाने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी आणलं. प्लास्टिकच्या तंतूतून लाल उजेड जातो, बस्स. तो एकाच दिशेने जातो, प्लेअरकडून रिसीव्हरकडे. परत काहीही येत नाही. एचडीएमआयमध्ये समोरचं यंत्र आधी सांगतं की बाबा रे, मला हे हे वाजवता येतं. ऑप्टिकलमध्ये हे बोलणंच नाही. टपालपेटीत पत्र टाकल्यासारखं. पोचलं का, वाचता आलं का, टाकणाऱ्याला कधीच कळत नाही.

मग सांगा, या केबलसाठी 'ऑटो' सेटिंग कशाच्या जोरावर ठरवणार? विचारायचं कोणाला? समोर काय आहे ते तुम्हीच प्लेअरला सांगायला हवं.

आणि सांगताना एक गंमत आहे. ऑप्टिकलमधून साधा, न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा ५.१ आवाज जातो तो दाबून, त्याच दोन चॅनेलच्या जागेत, स्टिरिओचं सोंग घेऊन. म्हणून कोडी वापरत असाल तर चॅनेलची संख्या २.० ठेवायची, पासथ्रू चालू करायचं आणि रिसीव्हरला डॉल्बी डिजिटल कळतं असं खूण करून सांगायचं. ५.१ हवं म्हणून २.० निवडा, हे कुठल्या भल्या माणसाला सुचेल? पण बरोबर तेच आहे. ट्रूएचडी किंवा डॉल्बी डिजिटल प्लस मात्र रिसीव्हर कितीही भारी असला तरी या वाटेने जात नाही. त्यासाठी प्लेअरने साधा डॉल्बी डिजिटल किंवा स्टिरिओ करून द्यावा लागतो.

एवढं कळलं की लक्षणांवरून निदान होतं. मेन्यूची टिकटिक ऐकू येते, गाणी वाजतात, पण ठराविक सिनेमा लावला की शांतता, म्हणजे केबल ठणठणीत आहे, फॉरमॅट चुकतोय. आवाजाऐवजी खरखर येते, म्हणजे दाबलेला डेटा रिसीव्हर साधा आवाज समजून वाजवतोय. काहीच नाही? मग केबलचं रिसीव्हरकडचं टोक काढून तळहातावर धरा. लाल ठिपका दिसला तर निदान उजेड तरी पोचतोय.

आमच्याकडे ठिपका दिसत होता. मग अल्सामिक्सर उघडलं, एफ६ दाबून साउंडकार्ड निवडलं, आणि तिथे साहेब बसले होते: आयईसी९५८, खाली 'एमएम'. म्हणजे म्यूट. (ऑप्टिकलला तिथे ऑप्टिकल म्हणत नाहीत. मानकाचा नंबर लिहितात. घराच्या दारावर नावाऐवजी सातबाऱ्याचा गट नंबर लावावा तसं.) एम दाबलं, म्यूट गेलं. शिवाय अपडेटमध्ये कार्डांचा क्रम बदलून आवाज एचडीएमआयकडे वळला होता, तो परत वळवला. सगळं मिळून अर्धा तास. बोर्ड जिथल्या तिथे, छान आहे.

माझा राग इथे आहे. वापरणाऱ्याने हाताने केलेलं सेटिंग अपडेटने बदलायचं नाही, आणि बदललंच तर तोंडाने सांगायचं. काही टीव्ही निदान 'हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही' असं पडद्यावर लिहितात. बाकीचे मौनव्रतात. ऑफिसात आपली एखादी सर्व्हिस अशी गुपचूप बंद पडली, एक ओळ लॉग न टाकता, तर रिव्ह्यूमध्ये आपली किती निघेल? घरातल्या यंत्रांना मात्र हे माफ. आणि शिक्षा कोणाला? तर सोळा-सतरा वर्षं इमाने इतबारे वाजणाऱ्या रिसीव्हरला! आवाज नाही म्हणजे तोच मेला, असं सगळे धरून चालतात. किती चालू यंत्रं अशी भंगारवाल्याकडे गेली असतील देव जाणे.

एचडीएमआय वाईट आहे असं नाही. २००९ पासून त्यात टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज नेणारं एआरसी आहे, आणि आज नवीन घेणार असाल तर तेच घ्या. पण ऑप्टिकलमध्ये तांब्याची तार नसते, त्यामुळे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधल्या फरकाची ती 'हम्म्म' घरघर त्यातून येत नाही. जुन्या वायरिंगच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना याची किंमत कळेल.

आमच्या रिसीव्हरला मागे दोन ऑप्टिकल सॉकेट आहेत. दुसऱ्यात टीव्ही लावलाय, त्याचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवून. बाबा त्यावर बातम्या बघतात, आणि चर्चेत एकावर एक ओरडणारी आठ माणसं ५.१ मध्ये ऐकून करायचंय काय!