गरीब म्हणजे कोण?

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच तंटा असतो. थोरलीला मालिका हवी, धाकट्याला मारामारीचा सिनेमा हवा आणि अम्मीला बातम्या. यंदा एका रविवारी आम्ही शिक्षकाचा हक्क बजावला आणि एक इराणी चित्रपट लावला. धाकट्याने पहिल्या पाच मिनिटांतच विचारले, "यात हीरो कोण आहे?" आम्ही म्हणालो, "तुझ्याएवढाच एक मुलगा." तो गप्प बसला. नंतरचे दोन तास घरात कोणी उठले नाही. पानाचा डबा घेण्यासाठीसुद्धा अम्मी उठली नाही.

चित्रपटाचे नाव 'बाशू, गरीबे-ये कूचक'. दिग्दर्शक बहराम बेझाई. इराण आणि इराक यांच्यात सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झालेले युद्ध ऑगस्ट १९८८ पर्यंत चालले. त्या युद्धाच्या मधल्या वर्षांत हा चित्रपट तयार झाला. इराणमध्ये मुलांसाठी पुस्तके आणि चित्रपट काढणारी एक सरकारी संस्था आहे, तिनेच तो काढला. पण बॉम्ब एका मुलाचे काय करतो हे दाखवणारा चित्रपट युद्ध चालू असताना कोणाला परवडणार? तो अडवून ठेवला गेला आणि युद्ध संपल्यानंतर, १९८९ मध्ये लोकांसमोर आला. पुढे दहा वर्षांनी इराणी समीक्षकांनी त्यांच्या देशातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची निवड केली. २०२५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीला पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने आमच्या वाचनात हे नाव पुन्हा आले.

कथा दोन ओळींची आहे. बाशू दक्षिणेकडच्या खुझिस्तानचा. हा प्रांत इराकच्या सीमेला लागून आहे आणि तिथे अरबी बोलणारी पुष्कळ कुटुंबे राहतात. बॉम्बहल्ल्यात त्याचे आईवडील आणि घर जाते. जीव घेऊन तो एका मालवाहू ट्रकमध्ये लपतो आणि झोपी जातो. जाग येते तेव्हा ट्रक देशाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेच्या गीलान प्रांतात पोहोचलेला असतो. तिथे रस्त्याच्या कामासाठी सुरुंग लावत असतात. पोराला वाटते, इथेही बॉम्ब पडू लागले. तो ट्रकमधून उडी टाकून धावत सुटतो आणि एका भाताच्या शेतात येऊन लपतो.

गीलान कॅस्पियन समुद्राच्या काठी आहे. पाऊस, हिरवे डोंगर, गुडघाभर चिखलातली भाताची खाचरे. अम्मी म्हणाली, "हे तर आपल्याकडचंच दिसतंय." खरोखरच कोकणातल्या माणसाला ते परके वाटत नाही. रात्री शेत राखायला बसावे लागते, कारण रानडुक्कर पीक उकरून टाकते. आणि त्या शेतावर एक बाई एकटीच उभी आहे. तिचे नाव नायी. पदरात दोन लहान मुले, नवरा कामाच्या शोधात दूर गेलेला. सुसन तसलीमी या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. पहिल्या वेळी ती शेतातून एकदम वर येते, पांढऱ्या ओढणीने अर्धा चेहरा झाकलेला, फक्त डोळे दिसतात. तेव्हा बाशूच काय, आम्हीही दचकलो.

ही नायी कोणी फरिश्ता नाही, आणि चित्रपटाची सच्चाई इथेच आहे. शेतात लपलेला काळा पोर दिसल्यावर ती आधी त्याला हाकलते. मग त्याच्यासाठी खायला ठेवते आणि बाजूला होते. तो खातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवते. तो कोण, कुठला, कोणाचा, हे तिला काहीच ठाऊक नाही आणि विचारायची सोयही नाही. तो अरबी बोलतो, ती गीलकी. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही. पण भूक कळते.

इथे आमच्यातला उर्दू शिक्षक जागा झाला. आम्ही मुलांना विचारले, "चित्रपटाच्या नावात 'गरीबे' आहे, त्याचा अर्थ काय?" थोरली म्हणाली, "पैसे नसलेला." मराठीत तोच अर्थ आहे आणि उर्दूतही आता तोच चालतो. पण हा शब्द मूळ अरबी, आणि अरबीत 'गरीब' म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. फारसीत 'गरीबे' आजही परक्यालाच म्हणतात. उर्दूत 'गरीब-उल-वतन' म्हणतात तो वतनापासून दुरावलेला, त्याच्या खिशात पैसे असोत वा नसोत. म्हणजे चित्रपटाचे नाव 'बाशू, छोटा परका' असे आहे. या एका शब्दाचा प्रवास पाहिला की वाटते, आपल्या पूर्वजांना एक गोष्ट पक्की ठाऊक असावी. ज्याच्या मागे घर नाही, ओळखीचे कोणी नाही, त्याच्याइतका गरीब कोणी नाही.

बाशूचे परकेपण दुहेरी आहे. युद्धात दोन्ही बाजूंना कलमा पढणारेच होते, हे आपण जाणतो. बाशूच्या आईची भाषा अरबी आणि ज्यांच्या विमानांनी त्याची आई मारली त्यांचीही भाषा अरबी. आपलीच भाषा तोंडातून काढावी तरी पंचाईत, अशी त्या लेकराची गत. शिवाय रंग. गावातल्या गोऱ्या माणसांनी एवढा काळा मुलगा पाहिलेला नाही. नातेवाईक आणि शेजारी नायीच्या घरी येऊन बोलणी लावतात की हा कुठला कोळसा घरात घेतलास, नजर लागेल, खायला तोंड वाढले. नायी त्याला नदीवर नेते आणि साबण लावून घासू लागते. घास घास घासते. रंग काही जात नाही. ती थांबते.

धाकटा हसला. थोरली हसली नाही. ती सावळी आहे, आणि गेल्या ईदला आलेल्या एका पाहुण्या बाईंनी तिच्या समोरच तिला हळद आणि बेसन लावायचा सल्ला दिला होता. आम्ही तेव्हा चहाचे कप उचलत काही बोललो नव्हतो. वाचक भगिनींनो, स्थळे पाहताना आपल्या घरांत काय काय बोलले जाते हे आम्ही सांगायची गरज नाही. आपणही लेकरांना घासतच असतो. नायीचे मोठेपण एवढेच की रंग जात नाही हे कळल्यावर ती साबण खाली ठेवते आणि पोराला आहे तसा घरी घेऊन जाते.

पुढे बाशू तापाने फणफणतो तेव्हा नायी त्याची शुश्रूषा करते. मग तीच आजारी पडते, आणि हा यतीम पोर तिच्यासाठी रडतो, ढोल बडवून दुआ मागतो. एक आई त्याने डोळ्यांदेखत गमावली आहे. ती अजूनही काळ्या कपड्यांत त्याला दिसते, मागे मागे येते. दुसरी आई जाऊ द्यायला तो तयार नाही. या प्रसंगाला अम्मीने डोळे पुसले. आपले नबी स्वतः यतीम होते, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. त्या वेळी ती काहीच बोलली नाही.

नायीला लिहिता-वाचता येत नाही. नवऱ्याचे पत्र आले की दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि उत्तरही दुसऱ्याकडूनच लिहून घ्यायचे. आमच्या लहानपणी मोहल्ल्यात हेच काम आमच्याकडे होते. कुवेतहून, सौदीहून निळ्या पाकिटातले पत्र आले की शेजारच्या खाला आम्हाला हाक मारत. आम्ही वाचायचो, त्या चुलीपुढे बसून ऐकायच्या. मग उत्तर सांगायच्या. छप्पर गळत असायचे, वाण्याची उधारी थकलेली असायची, पण आम्हाला लिहायला लावायच्या की सर्व खैरियत आहे, फिकीर करू नये. बारा वर्षांच्या पोराच्या हातून गेलेल्या पत्रात मनातले किती लिहिता येणार? नायीचीही तीच अडचण. सगळे गाव ऐकत असताना ती नवऱ्याला बाशूबद्दल कळवते. नवऱ्याला हे पसंत पडत नाही. शेवटी एक दिवस तिला घरातच लिहिणारा मिळतो. तो म्हणजे बाशू. ज्याला घरातून काढायचे की ठेवायचे यावर गाव वाद घालते, तोच तिची लेखणी होतो, आणि तिला जे म्हणायचे ते प्रथमच कोणाच्या मध्यस्थीशिवाय कागदावर उतरते.

बाशू लिहितो कोणत्या भाषेत? फारसीत. ती ना त्याची घरची भाषा, ना तिची. ती शाळेची भाषा. ज्या प्रसंगात हे उघड होते तो आम्ही शिक्षक म्हणून विसरणार नाही. गावातली मुले बाशूला घेरून चिडवतात, मारतात. त्यांच्या लेखी तो मुका किंवा वेडा आहे. झटापटीत तो एक शालेय पुस्तक हाती घेतो आणि त्यातला धडा मोठ्याने वाचू लागतो. आपण सगळी एकाच देशाची लेकरे आहोत, अशा अर्थाचा तो धडा. मारणारे हात थांबतात. याला वाचता येते! हा आपलेच पुस्तक वाचतो!

आमची छाती अभिमानाने फुलली. पाहा, शाळेने काय केले, पुस्तकाने दोन मुलखांमध्ये पूल बांधला. मुलांना हेच सांगायला आम्ही तोंड उघडले आणि तसेच मिटले. कारण एक चेहरा आठवला.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिकवत होतो त्या शाळेत वर्षाच्या मध्येच पाचवीत एक मुलगा आला. वडील पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातून बांधकामावर आलेले. मुलगा घरी बंगाली बोलायचा. आमची उर्दू त्याला अर्धी कळायची, मराठी अजिबात नाही. आम्ही त्याला शेवटच्या बाकावर बसवले, हळूहळू शिकेल म्हणून. पोरांनी त्याचे नाव 'बांगलादेशी' ठेवले. आम्ही एकदा रागावलो, दुसऱ्यांदा ऐकूनही फळ्याकडे वळलो. अभ्यासक्रम मागे पडला होता, तपासणी जवळ आली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. काम संपले, कुटुंब पुढच्या गावी गेले, असे कळले. आम्ही पटावर लाल रेघ ओढली. त्याला बंगाली वाचता येत होते का, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. आम्ही कधी विचारलेच नाही.

बाशूला फारसी वाचता आली म्हणून गावच्या पोरांनी त्याला माणसांत घेतले. वाचता आली नसती तर? हा प्रश्न त्या रात्री आम्हाला झोपू देईना. पुस्तकाचा पूल चांगलाच, पण तो ज्याला चढता येतो त्याच्यासाठी. नायीने मात्र ती अट घातली नव्हती. बाशूने एक अक्षर वाचून दाखवण्याच्या कितीतरी आधी तिने त्याच्यासमोर अन्न ठेवले होते. बी.एड. झालेल्या आम्ही जे केले नाही ते निरक्षर नायीने केले, आणि तेही घरात धान्य बेताचे, नवरा दूर, गाव विरोधात असताना.

अखेर नवरा परत येतो. पैसा आणलेला नाही आणि एक हात नाही. कसले काम करायला गेला होता हे त्याने नायीला कधी कळवलेलेच नसते. मुलाला ठेवल्यावरून दोघांचे भांडण जुंपते. बाशूला वाटते, हा कोण परका माणूस आईवर ओरडतो? तो मध्ये उभा राहतो आणि विचारतो, तू कोण? आणि तो थकलेला, हात गमावलेला माणूस सांगतो की मी तुझा बाप. तेवढ्यात शेतात रानडुक्कर शिरते आणि सगळे घर, नवरा-बायको, तिन्ही मुले, आरडाओरडा करत शेताकडे धावत सुटते. चित्रपट तिथे संपतो. त्या आरोळ्यांत अरबी कोणती, गीलकी कोणती, हे शोधायची गरज उरत नाही.

चित्रपट संपल्यावर धाकट्याने विचारले, "मग त्याचं खरं घर कुठलं?" आम्ही उत्तर शोधत होतो, तोवर अम्मी म्हणाली, "जिथं रात्री त्याची वाट बघतात ते."

जूनमध्ये शाळा उघडेल. या वर्षी पट भरताना आम्ही आमच्या वहीत एक जादा रकाना आखणार आहोत, घरी कोणती भाषा बोलतात हा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाने पाण्याला आणि भाताला आपल्या घरी काय म्हणतात ते फळ्यावर येऊन सांगायचे, कोणाला लिहिता येत असेल त्याने लिहायचे. यातून फार मोठे काही होईल असे आम्ही म्हणत नाही. पण मागच्या बाकावर कोण बसले आहे हे तरी कळेल. मालद्याच्या त्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही, हेही आम्ही जाणतो.

हा चित्रपट तुम्ही मुलांबरोबर बसून पाहावा. सुरुवातीचा बॉम्बहल्ल्याचा भाग लहानग्यांना भिववील, तेव्हा त्यांना जवळ घेऊन बसा. आणि संपल्यावर उपदेश करू नका, आम्हाला तो मोह आवरला नाही तरी. फक्त विचारा, तुझ्या वर्गात नवीन कोण आले आहे, आणि तो डबा कोणाबरोबर खातो?